मानेचं माप

पोळीचा डबा टेबलावर ठेवता ठेवता आई थांबली.

“खाली काय घातलंयस?”

“पुस्तकं.”

“कुठली?”

मी सांगितलं. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे तीन खंड, त्यांवर मोल्सवर्थ आणि सगळ्यांच्या वर लॅपटॉप.

“अरे, सरस्वतीच्या डोक्यावर गाठोडं ठेवतोस?” एवढंच म्हणून ती आत गेली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ती फार बोलत नाही, पण बोललेलं दिवसभर पुरतं.

मी मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं लोकांच्या वेलांट्या सुधारल्या. आधी गॅली यायच्या, आता पीडीएफ येते. गॅली मी उतरत्या मेजावर वाचायचो. लॅपटॉप आला आणि ते मेज माळ्यावर गेलं. उजव्या अंगठ्याला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा एमआरआय झाला आणि मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती सरकल्याचं कळलं. फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिनं बजावलं, “काका, मान खाली घालून जगणं आता बंद. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यायला हवी. आठवडाभर घरात असेल ते खाली घालून बघा, उंची ठरली की मग स्टँड घ्या.” घरात होती ती पुस्तकं. जाड, न हलणारी पुस्तकं म्हणजे शब्दकोश. यात मी पाप केलं असं मला वाटलंच नव्हतं.

पण आईचं म्हणणं डोक्यातून जाईना. पुस्तकाला पाय लागला तर आजही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. पाय चालत नाही, मग लॅपटॉपचं बूड कसं चालतं? खंडेनवमीला याच लॅपटॉपला मी हळदकुंकू वाहतो. म्हणजे तोही पूज्य. मग पूज्यावर पूज्य ठेवलं तर कुणाचा अपमान होतो? हा प्रश्न घेऊन कुठल्याही शास्त्रीबुवांकडे गेलो असतो तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं.

खरा प्रश्न त्याच्या खाली होता. तो गणपतीत सुरू झाला होता. मंत्रपुष्पांजली झाली, सगळे नमस्काराला वाकले, मीही वाकायला गेलो. मानेतून अंगठ्यापर्यंत वीज गेली. अर्ध्यातच थांबलो, सरळ झालो आणि नुसते हात जोडून उभा राहिलो. शेजारच्या छोट्यानं विचारलं, “आजोबा, तुम्ही गणपतीवर रागावलात का?” रागावलो नव्हतो. पण हिशेब समोर आला. रोज नऊ तास माझी मान यंत्रापुढे झुकलेली आणि ज्याच्यापुढे मनापासून झुकायचं त्याच्या वाट्याला शिल्लक काही नाही.

हा हिशेब किलोतही मांडता येतो. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 साली संगणकावरच्या प्रारूपात गणित केलं होतं. त्यानुसार मान साठ अंशांनी झुकली की तिच्यावरचा भार जवळजवळ 27 किलोंवर जातो. अर्धं पोतं गहू मानेवर घेऊन मी ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो.

लहानपणी मास्तर म्हणायचे, “मान खाली घालून अभ्यास कर.” विनय, शिस्त आणि विद्या यांची आमच्या मनात एकच आकृती होती, खाली गेलेली मान. शब्दकोशात ‘मान’ पाहा. एक मान म्हणजे ग्रीवा. दुसरा मान म्हणजे आदर. तिसरं मान म्हणजे माप, परिमाणातलं. तिन्ही शब्दांत उच्चारापलीकडे नातं असेल असा दावा मी करणार नाही, एकतीस वर्षांत असे दावे बरेच खोडले आहेत. पण मला जे सोडवायचं होतं त्यात हे तिन्ही होते. मानेला किती वाकवलं म्हणजे मान दिला असं होतं, आणि याचं मान काय?

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक कधी कधी एक संस्कृत श्लोक लिहून ठेवत. त्यात तक्रार असते. पाठ, कंबर, मान मोडून गेली, नजर खाली खिळून राहिली, एवढ्या कष्टानं लिहिलं आहे तर ग्रंथ जपा, असा त्याचा भाव. मोडलेल्या मानेला लेखनिकानं भक्ती म्हटलेलं नाही. तिला त्यानं मोडलेली मानच म्हटलं आहे. माझ्या धंद्यातला हा पूर्वज मला फार जवळचा वाटतो.

नेवाशाला गेलो होतो तेव्हाही असंच काहीसं मनात आलं होतं. तिथला पैस खांब पाहिला. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेवरची भावार्थदीपिका, म्हणजे ज्ञानेश्वरी, सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. लोक खांबाला डोकं टेकवत होते. मीही टेकवलं. मग मनात आलं, सांगणाऱ्याच्या पाठीला खांब होता, लिहिणाऱ्याच्या मानेला काय होतं?

सांगितलं जात होतं त्यात मात्र मानेची सोय होती. गीतेच्या सहाव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला ध्यान शिकवताना आधी आसन सांगतो. जागा स्वच्छ हवी. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. आसन फार उंच नको, फार खाली नको. मग शरीर, डोकं आणि मान एका रेषेत, स्थिर. रणांगणावर, दोन सैन्यांच्या मधे, बसायच्या जागेची उंची! लेखनिकाच्या श्लोकात मोडलेली ‘ग्रीवा’ इथे ताठ आहे. ताठ आहे म्हणून गर्विष्ठ आहे असं कुणी म्हणत नाही. पतंजलीही आसन स्थिर आणि सुखाचं असावं म्हणतात आणि ते साधायला प्रयत्न सैल करायला सांगतात. सेंटीमीटर मात्र दोघांपैकी कुणीच दिलेले नाहीत.

शेवटी टिळक रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर पाच-सहा स्टँड मांडून ठेवले होते. एक अखंड ॲल्युमिनियमचा, उंची ठरलेली. एक दोन सांध्यांचा, हवा तेवढा वर जाणारा, पण बोट लावलं की डुलणारा. एक घडीचा, फुलीच्या आकाराचा. तो पाहून हसू आलं, कारण आईचं पोथीचं व्यासपीठ असंच आहे. दुकानातल्या मुलानं एक गोष्ट मोलाची सांगितली. स्टँड घेतलात तर कीबोर्ड आणि माउसही वेगळे घ्या, नाही तर मान सुटेल आणि खांदे अडकतील. पडदा आणि कळा एकाच बिजागरीला बांधलेल्या, हा लॅपटॉपचा जन्मदोष. डोळ्यांची उंची वेगळी, हातांची वेगळी.

सांधेवाला घेतला. घरी आणून पडद्याची वरची कड नेमकी डोळ्यांच्या रेषेत आणली. दोन दिवसांत मानेचा मागचा भाग आखडला. चूक चष्म्याची होती. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, अक्षरं वाचायची काच खालच्या भागात. पडदा वर गेला तसा मी हनुवटी उचलून वाचू लागलो. वाकलेली मान गेली आणि तिच्या जागी उलटी ताठलेली आली. नियम बरोबर होता, पण डोळे साठीला आले होते.

त्या संध्याकाळी आई ज्ञानेश्वरी वाचायला बसली तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती पाटावर बसली. डोळे मिटले, खांदे सोडले. मग डोळे उघडले आणि त्यानंतर व्यासपीठ हातभर पुढे सरकवून त्याखाली सतरंजीची घडी घातली. पाठ सरळ, नजर उतरती, मान जिथल्या तिथे.

“आधी पोथी नाही का मांडत?” मी विचारलं.

“आधी आपण बसायचं,” ती म्हणाली. “आपलंच ठरलं नाही तर पोथी कुठे ठेवणार?”

मीही तसंच केलं. आधी बसलो, डोळे मिटून. उघडले तेव्हा नजर जिथे पडली तिथे पडदा आणला. वरची कड डोळ्यांच्या रेषेपासून चार बोटं खाली आली. आता दुपारी चारला मान आहे याची आठवणही होत नाही.

शब्दकोश फडताळात परत ठेवायला घेतले. मोल्सवर्थच्या पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या रबरी पायांचे गोल ठसे उमटले होते. बोटानं पुसले, गेले नाहीत. पुस्तक दोन्ही हातांत धरून मी कपाळ टेकवलं. मान खाली गेली आणि कळ न येता पुन्हा वर आली.