सोबत राहणारा देव

नर्सी आणि औंढा नागनाथ ही हिंगोली जिल्ह्यातली दोन गावं. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं आणि औंढ्याला त्यांना विसोबा खेचर हे गुरू भेटले, असं परंपरा सांगते. औंढ्याची आणखी एक कथा इकडच्या घराघरांत माहीत आहे. कीर्तनाला उभ्या असलेल्या नामदेवांना देवळासमोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. ज्याला हाकललं त्याच्याकडे देव तोंड वळवतो, ही श्रद्धा या मातीत मुरलेली आहे. म्हणूनच ख्रिस्ती धर्मातला याला जवळचा विचार मराठवाड्याच्या वाचकाला परका वाटू नये. माणसांनी टाकलं, देवानेही टाकलं असं वाटतं त्या घडीलाच देव सोबत असतो, असा तो विचार. तो एकदम सुचलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांनी सोसून त्याला आकार दिला आहे.

सुरुवातीला देव म्हटलं की त्याचं ठिकाण आलं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब रात्री उघड्यावर, दगडाची उशी करून झोपतो. स्वप्नात त्याला देव भेटतो आणि जाशील तिथे मी तुझ्याबरोबर आहे, असं आश्वासन देतो. तरीही सकाळी उठून याकोब त्या जागेलाच देवाचं घर ठरवतो. पुढे यरुशलेमात मंदिर उभं राहिलं आणि देवाचा वास तिथेच, अशी लोकांची समजूत पक्की झाली. इ.स.पू. 587 च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने ते मंदिर जाळलं, लोकांना परदेशी नेलं. घर गेलं, मग देवही गेला का? या प्रश्नाला यहेज्केल संदेष्ट्याने मंदिर जळण्याआधीच दिलेलं उत्तर विलक्षण आहे. बंदिवासात, खबार नदीच्या काठी त्याला देवाचं सिंहासन दिसतं आणि त्या सिंहासनाला चाकं आहेत. लोक परागंदा झाले, तेव्हा देवही त्यांच्यामागे निघाला.

पण सोबत असलेला देव दुःख थांबवत का नाही, हा प्रश्न उरलाच. ईयोबाचं पुस्तक त्याला थेट भिडतं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. त्यांच्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम हेच. नंतर ते बोलू लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार, असं समजावू लागतात. शेवटी देव दोष देतो तो या समजावणाऱ्यांना; देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला तो आपला सेवक म्हणतो. म्हणजे तक्रार हीसुद्धा श्रद्धेची भाषा ठरली. स्तोत्रसंहितेत अशी कितीतरी स्तोत्रं आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकातून कुणी काढून टाकलं नाही.

या विचाराची कसोटी लागली ती वधस्तंभावर. देवाने आपल्याला का टाकलं, असा टाहो येशूने मरताना फोडला, असं मार्क आणि मत्तय हे दोघे शुभवर्तमानकार नोंदवतात. तो टाहो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. धर्मसंस्थापकाच्या तोंडचे असे शब्द झाकून ठेवणं अनुयायांना सोपं होतं. त्यांनी ते जपले. कारण त्यांना उमगलं ते असं, की टाकलेपणाच्या तळाशीही देव आधीच पोहोचलेला आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या योहान ऑफ द क्रॉस या साधूला त्याच्याच संघातल्या लोकांनी तोलेदोच्या कोठडीत डांबलं. अंतरंगातल्या काळ्या रात्रीवरचं त्याचं चिंतन पुढे जगभर वाचलं गेलं. 1943 मध्ये नाझींनी पकडलेल्या डीट्रिख बॉनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत दुबळ्या, सोसणाऱ्या देवाचा विचार मांडला. एप्रिल 1945 मध्ये त्यांना फाशी झाली.

महाराष्ट्रात हा विचार ग्रंथांपेक्षा बायकांच्या आयुष्यातून जास्त पुढे गेला. पंडिता रमाबाईंनी तरुणपणीच दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमावली. कुटुंबाने जवळचं होतं नव्हतं ते व्रतांत, दानांत खर्चलं; उत्तर आलं नाही. पुढे भाऊ गेला, 1882 मध्ये पतीही गेले. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याने संकटं संपली नाहीत. 1893 मध्ये धर्मांतराच्या वादात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेच्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. अशा एकट्या पडलेल्या रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं, पुढे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं. ज्या दुष्काळाने त्यांना पोरकं केलं, त्याच दुष्काळाच्या तोंडात त्या पुन्हा शिरल्या. देव सोबत असतो, हे वाक्य त्या मुलींपर्यंत रमाबाईंच्या पायांनी चालत गेलं.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी आणखी अवघड, कारण त्यांचं टाकलेपण या धर्मापायीच आलं. त्यांच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह, दत्तूसह, नातलगांच्या आधाराने मागे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण तो जातिभेदाची गाठ मनाशी सोडवून, स्वतःच्या निर्णयाने. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी ते दुःख लपवलं नाही आणि श्रद्धेच्या नावाखाली गोडही करून सांगितलं नाही. अनाथ मुलांना घर देणाऱ्या लक्ष्मीबाईंना टाकलं जाणं म्हणजे काय, हे शिकवावं लागलं नव्हतं.

इथवर आलेल्या या विचारातून मला दोन गोष्टी पक्क्या कळतात. दुःखात असलेल्या माणसाला देवाला जाब विचारायचा पूर्ण हक्क आहे. त्याने श्रद्धा उणी होत नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखापुढे उभं राहून ‘देव आहे तुझ्याबरोबर’ एवढं बोलून निघून जायचा हक्क कुणालाच नाही. ते वाक्य उच्चारणाऱ्याने थांबायला हवं.

हिंगोलीत, आजूबाजूच्या जिल्ह्यांत हे रोज कसाला लागतं. नवऱ्याने कर्जापायी जीव दिल्यावर सातबारा नावावर करून घ्यायला तलाठ्याकडे खेटे घालणारी बाई, आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ उरलेली पोरं, पोरं शहरात गेल्यावर वाड्यात एकटा राहिलेला म्हातारा. त्यांच्या उंबऱ्यावर प्रवचन कामाचं नाही. कागद घेऊन त्या बाईबरोबर तहसीलपर्यंत जाणं, पोरांच्या शाळेची चौकशी करणं, म्हाताऱ्याजवळ काही न बोलता बसणं, एवढं ज्याच्याने होतं त्याने देवाच्या सोबतीविषयी बोलावं. ख्रिस्ती माणसाने तर आधी हे करावं, कारण ज्याला तो देव मानतो त्याला मरताना जवळच्या बहुतेकांनी सोडलं होतं. वधस्तंभापाशी शेवटपर्यंत थांबल्या त्या काही बायका होत्या. त्यांनी त्याचं दुःख थांबवलं नाही, पण त्याला एकटं मरू दिलं नाही. श्रद्धेची सुरुवात तिथून होते.