टेकडीची सवय

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. एक लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. ‘बीएमआय’ दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. आपल्याकडे मधुमेह तुलनेने लवकर आणि कमी वजनातही का गाठतो, याचे काही उत्तर त्यात आहे. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणून कोणालाही सुटता येणार नाही.

म्हणून व्यायाम हवा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही एक जानेवारीला भरलेली व्यायामशाळा होळीपर्यंत ओस पडते. त्याचा दोष आपण माणसाच्या आळसाला देतो. मला तो दोष आपल्या कल्पनेत दिसतो. व्यायाम म्हणजे दिवसातून वेगळा काढायचा, दात-ओठ आवळून पार पाडायचा आणि डॉक्टरांना हजेरी द्यायचा तास, असे आपण ठरवून टाकले आहे. नुसत्या धाकाने धरलेला नेम धाक ओसरला की सुटतो. गोडी असेल तरच तो वर्षानुवर्षे चालतो.

याचा पुरावा शोधायला पुणेकराला लांब जावे लागत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वतीच्या १०३ पायऱ्या. पहाटे कुठेही जाऊन पाहावे. सत्तरी ओलांडलेली माणसे रोजच्या वेगाने चढत असतात. त्यांना विचारले तर ती नाडीच्या ठोक्यांविषयी बोलत नाहीत. वाऱ्याविषयी बोलतात, मोराच्या केकेविषयी बोलतात, सोबत्यांविषयी बोलतात. उतरल्यावर अमृततुल्यातला चहा ठरलेला असतो. दोन दिवस कोणी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी फोन जातो. ओढ असते ती माणसांची आणि मोकळ्या आभाळाची. चढ आपोआप चढला जातो.

गणपतीआधीच्या आठवड्यांत ढोल-ताशा पथकांच्या सरावाला जाणारी मुले-मुलीही अशीच. कमरेला जड ढोल बांधून ती तासन् तास उभी असतात, घामाने भिजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या बायकांना धाप लागते, पण खेळ थांबत नाही. ताल, संगत आणि हसू असेल तर शरीराला कष्टाचे ओझे वाटत नाही.

दुसरा धागा कामाचा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत होता. त्या वाहकांनी व्यायामासाठी वेगळा वेळ काढला नव्हता; व्यायाम त्यांच्या पोटापाण्याच्या कामातच होता. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, तेव्हा इथेही तेच होते. कॉलेज, कारखाना, मंडई, सगळीकडे सायकलने जायचे. पुढे दुचाक्या आल्या, अंतरे वाढली आणि दिवसात मिसळलेली ती हालचाल निघून गेली. ती परत आणायला रोज एक सलग तासच हवा असेही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. ती सलग किमान दहा मिनिटे असावी, ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत उरली नाही. भाजी आणायला चालत जाणे, जिना चढणे, एक थांबा आधी उतरणे, सारे मोजणीत येते.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. चार घरची धुणीभांडी करून जिने चढणाऱ्या बाईला ‘आणखी चाला’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. तिच्या शरीराला श्रम पुरेसे झालेले असतात. तिला विसावा आणि खेळ मिळालेला नसतो. कष्ट आणि क्रीडा यांतला फरक निवडीचा आहे. ज्याला निवडता येते, त्यालाच हालचालीचा आनंद लाभतो.

म्हणूनच हा प्रश्न केवळ मनोनिग्रहाचा नाही, तो शहराचा आहे. पदपथावर गाड्या उभ्या असतील तर आजोबा मंडईत चालत जाणार नाहीत. वाटेवर दिवा नसेल तर मुलगी संध्याकाळी फिरायला निघणार नाही. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या सायकली वाजतगाजत आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल मिळाली तरी ती निर्धास्त चालवायला रस्ता लागतो. दुसरीकडे जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले, बाके ठेवली, तेव्हा तिथे लोक रेंगाळू लागले. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी वाहने थांबतात आणि मुले भर रस्त्यात खेळतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीवरून नेण्याच्या विरोधात २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले, तेव्हा ते झाडांइतकेच आपल्या रोजच्या पहाटेसाठीही उभे होते, असे मी मानतो.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. स्वतःपुरते असे काही निवडावे, जे फायदा सांगितला नसता तरी केले असते: टेकडी, पोहणे, नाच, बॅडमिंटन, नातवाशी लपंडाव. त्यात एक तरी सोबती असावा. आणि महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेते, त्यात आपल्या प्रभागातला एक पदपथ, एक दिवा, एक बाक मागावा. आपल्या आनंदाची वाट शेजाऱ्यालाही चालता यावी, यासाठी केलेली ही मागणी आरोग्याचेच काम आहे.