घरचा मिस्त्री

स्वावलंबनाची स्तुति आपण नेहमीं करितों. परंतु स्वतःचें काम स्वतः करणाऱ्याचें काम तपासतो कोण? वाशीम जिल्ह्यांतील उन्हाळी धुळींतून मोटार हिंडविल्यावर परवां मींच तिचा एअर फिल्टर बदलला. काम क्षुल्लक, पेटीच्या क्लिपा सोडाव्या, जुना उचलावा, नवा बसवावा. पण उचलतांना चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूस सांडली. टर्बोचें चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें. अशा वेगांत बारीक कणहि त्याच्या पात्यांस झिजवितो. मिस्त्रीनें तसेंच झांकण लावलें असतें, तर मीं त्यास लबाड म्हटलें असतें. स्वतःस मात्र 'एवढ्यानें काय होतें' असें म्हणून मी मोकळा झालों होतों! ॲडम स्मिथनें १७५९ सालीं वर्णिलेला अंतरींचा तटस्थ प्रेक्षक माझ्या बाबतींत कांहीं तटस्थ निघाला नाहीं. अखेर झांकण पुन्हां काढून पेटी पुसली. तेंहि, खरें सांगावयाचें तर, नात शेजारीं उभी राहून पाहत होती म्हणून.