मागणं आणि सांगणं

चिंपांझीला भाषा शिकवता येते का, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकात माणसाने त्याला थेट घरात आणून ठेवलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कीथ आणि कॅथरिन हेज या दांपत्याने विकी नावाचं पिल्लू पोटच्या मुलीसारखं वाढवलं. खूप खटपटीनंतर तिला जेमतेम चार शब्द उच्चारता आले. दोष तोंडाचा आणि घशाचा असेल, असं समजून मग हातांकडे लक्ष वळलं. १९६६ पासून गार्डनर दांपत्याने वॉशू या चिंपांझीला कर्णबधिरांची अमेरिकी खुणांची भाषा शिकवली आणि तिने शंभराहून अधिक खुणा आत्मसात केल्या.

पाठोपाठ १९७३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेस यांनी निम या चिंपांझीवरचा प्रयोग सुरू केला. निमही सव्वाशेच्या आसपास खुणा शिकला. पण टेरेस यांनी चित्रफिती पुन्हापुन्हा पाहिल्या, तेव्हा वेगळंच लक्षात आलं. निमच्या बऱ्याचशा खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांची नक्कल होत्या. त्याचं सर्वांत लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं होतं. त्यात संत्रं, दे, खा, मी आणि तू एवढ्याच खुणा फिरून फिरून येत होत्या. लांबी वाढली, आशय तिथेच राहिला. १९७९ मध्ये टेरेस यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की हे व्याकरण नव्हे. पुढे निमची रवानगी वैद्यकीय प्रयोगांच्या प्रयोगशाळेत झाली. लोकांनी आवाज उठवल्यावर तो सुटला आणि २००० साली टेक्ससमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात मरण पावला. ज्याच्याशी माणसं वर्षानुवर्षं बोलली त्याला असं वागवलं गेलं, हे मला अक्षम्य वाटतं.

निमला व्याकरण आलं नाही, यापेक्षा तो सतत काहीतरी मागत होता, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. कान्झी हा बोनोबो त्याच्या कितीतरी पुढे गेला. आईला चिन्हांचा फलक शिकवला जात असताना तो नुसतं पाहून शिकला आणि बोललेल्या इंग्रजी सूचनाही त्याला कळत. पण फलकावर तो जे ‘बोले’, त्यातही बहुतांश मागण्याच असत. याउलट कडेवरचं वर्षाचं मूल कावळ्याकडे बोट दाखवतं, आपल्याकडे पाहतं आणि आपणही पाहिलं की खूश होतं. त्याला कावळा नको असतो, आपण तो पाहायला हवा असतो. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांनी माणूस आणि कपी यांच्यातला फरक नेमका इथे शोधला आहे.

मग कपींना सांगायचंच नसतं का? युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात कॅथरिन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपांझींच्या ६६ खुणा आणि त्यांचे १९ अर्थ नोंदवले. निघायची वेळ झाली की आई पिल्लाला तळपाय दाखवते, म्हणजे ‘पाठीवर ये’. मादीचं लक्ष वेधायचं असेल तर नर दातांनी पानाच्या कर्र आवाज करत पट्ट्या काढतो. खूण करणारा थांबतो, समोरच्याकडे पाहतो, प्रतिसाद आला नाही तर पुन्हा खूण करतो. हेतू स्पष्ट आहे, पण बहुतेक खुणांचा अर्थ अजून ‘हे कर’ किंवा ‘हे थांबव’ एवढाच आहे. अपवाद सापाचा. त्याच जंगलात कॅथरिन क्रॉकफर्ड यांच्या चमूने वाटेवर विषारी सापाची प्रतिकृती ठेवली. ज्या सोबत्यांना साप ठाऊक नव्हता, ते जवळ असताना चिंपांझींनी जास्त इशारे दिले. दुसऱ्याला काय माहीत नाही, याची जाण असल्याशिवाय हे कसं घडेल? म्हणजे बीज तिथेही आहे. ते आपल्याकडेच इतकं का फोफावलं?

मानववंशशास्त्रज्ञ सॅरा हर्डी यांचं उत्तर मला सर्वांत पटतं. चिंपांझीची आई तान्हं पिल्लू सहसा कुणाच्या हाती देत नाही. माणसाचं मूल मात्र आजी, मावशी, मोठ्या बहिणी अशा अनेकांच्या हातांवर वाढलं. ज्या मुलाला या सगळ्यांचं लक्ष धरून ठेवता आलं, ते तगलं. मार्मोसेट माकडंही पिल्लं मिळून वाढवतात आणि त्यांना भाषा नाही, हे खरं. म्हणून नुसतं सामायिक संगोपन पुरेसं नाही. ते कपीच्या मेंदूला मिळालं, हे महत्त्वाचं. घशाची रचना आणि व्याकरण यांवर आजवर भरपूर लिहिलं गेलं. भाषेच्या उगमाच्या चर्चेत संगोपनाला मात्र त्या मानाने फारच कमी जागा मिळाली.

हे सगळं पडताळायचं तर जंगलातलेच कळप पाहावे लागतील, पिंजऱ्यातला एकटा प्राणी नव्हे. पण चिंपांझी आणि बोनोबो आज धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. गोरिला आणि ओरांगउटान त्याहून गंभीर, अतिसंकटग्रस्त श्रेणीत.