लोखंडाचे फोटो आणि थांबवलेली माणसं

मेजर रॉबर्ट गिल याला भुसावळला पुरलं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला तो 1844 साली इकडे आला आणि 1879 मध्ये मरेपर्यंत या खानदेशी मुलखाचाच होऊन राहिला. कित्येक वर्षं खपून केलेल्या त्याच्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. क्रिस्टल पॅलेस म्हणजे लोखंडी सांगाडा आणि काचेच्या भिंती. इंग्लंडच्या लोखंडी कर्तबगारीचं हे सर्वांत मोठं प्रदर्शन होतं.

हा महाल आधी हाइड पार्कमध्ये होता. तो सोडवून सिडनहॅमला पुन्हा उभा केला जात असताना, 1852 ते 1854 या काळात, फिलिप हेन्री डेलामोट या छायाचित्रकाराने कामाच्या एकेका टप्प्याचे फोटो काढले. लोखंडी बांधकामाची अशी सलग नोंद कॅमेऱ्याने ठेवण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. काम त्याला दिलं होतं खुद्द क्रिस्टल पॅलेस कंपनीने. लोखंडाच्या सुरुवातीच्या छायाचित्रणाबद्दल बोलताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसे कुठे गेले आणि काम कुठवर आलं, याचा हिशेब ज्याला हवा होता त्याने फोटो काढवून घेतले.

आपल्याकडेही तेच झालं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी होती आणि तिचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर होता. पैसा लंडनचा, काम सह्याद्रीत. बोरघाटाचं काम 1856 मध्ये सुरू झालं. पहिल्या कंत्राटदाराने ते अर्ध्यात सोडलं. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं आणि 1863 मध्ये घाट सुरू झाला. घाटाच्या कामाच्या छायाचित्रांचा एक संच तिच्याच नावाने ओळखला जातो. 25 बोगदे आणि ऐन भरात असताना 40,000 च्या वर मजूर, असं ते काम. त्या काळचे बांधकामाचे फोटो पाहिले की कमानी, खांब, कापलेला डोंगर स्वच्छ दिसतो. माणूस असतो तो खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला.

यावर कोणी म्हणेल, हा तंत्राचा दोष. त्यात तथ्य आहे, म्हणून ते तंत्र जरा जवळून पाहू. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूच्या अंधारात धुवायची. दहापंधरा मिनिटांत सगळं उरकायचं, काच वाळली की संपलं. कलोडियनमध्ये ईथर असतं आणि ईथर 35 अंशांनाच उकळतं. खानदेशातला वैशाख ज्याने अनुभवला आहे त्याला याहून अधिक सांगायला नको. शिवाय कॅमेऱ्याचं तोंड काही सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात घण वर गेला आणि खाली आला, तर काचेवर उमटे फक्त धुरकट डाग. म्हणजे कामगार फोटोत दिसायचा असेल तर त्याला काम थांबवून उभं करावं लागे. त्या फोटोंत जो माणूस स्पष्ट दिसतो, तो त्या क्षणी काम करत नव्हता. जो खरंच घण मारत होता, तो पुसला गेला.

पण ही सबब फार तर 1880 पर्यंत चालते. त्यानंतर तयार कोरड्या काचा बाजारात आल्या, फोटो सेकंदाच्या अंशात निघू लागला. तरीही घण मारणारा चौकटीत आला नाही. तेव्हा दोष एकट्या काचेचा नव्हता. त्याचा हिशेब कोणालाच नको होता.

खानदेशात लोखंड आलं ते रेल्वेने. 1860 च्या दशकात रूळ इथून पुढे सरकत 1867 मध्ये नागपूरला आणि 1870 मध्ये जबलपूरला भिडले. भुसावळ हे जंक्शन झालं. याच काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची पेठ फुगली. मागोमाग जिनं आली, प्रेस आले, बॉयलर आले. धुळ्याला रेल्वे पोचायला मात्र 1900 उजाडलं, तीही चाळीसगावहून निघालेली शाखा. घिसाड्याच्या भात्यावर विळे-कुऱ्हाडी घडवणाऱ्या मुलखात विलायतेत ओतलेले गर्डर आणि चाकं येऊन पडली. एवढं स्थित्यंतर पाहायला कॅमेरा जवळच होता. गिलने 1856 च्या सुमारास फोटोग्राफी हाती घेतली. 1864 मध्ये त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तकं लंडनला निघाली, एक लेण्यांवर, दुसरं वास्तुकला आणि निसर्गावर. त्याच वर्षांत इथे रूळ पडत होते. पुस्तकांचे विषय लेणी, देवळं, मशिदी, शिकार.

पुढे याच लोहमार्गावर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस झाले. 1912 चा जन्म, 1989 ला निधन. स्टेशनाजवळच्या बंगल्यात त्यांनी आयुष्य काढलं, घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. पंजाब मेलच्या वेळेला ते दार उघडून कोणाची तरी वाट पाहत, ही गोष्ट खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. टेबलावर देखावा मांडून त्यांनी केलेली छायाचित्रं अप्रतिम आहेत. त्यांची ती साधना होती आणि कलावंताने काय टिपावं हे आपण सांगू नये. पण दाराशी इंजिन फुंकारत असताना या भागातल्या दोन श्रेष्ठ छायाचित्रकारांच्या कामाची ओळख लोखंडाने होत नाही. सौंदर्यासाठी ज्याने कॅमेरा धरला त्याला लोखंड सुंदर वाटलं नाही आणि हिशेबासाठी ज्याने धरला त्याला माणूस मोजायचा नव्हता.

मग लोको शेडमधल्या फायरमनचा, जिनातल्या बाईचा, गँगमनचा फोटो कुठे शोधायचा? माझं म्हणणं असं की तो घराघरांत आहे. साहेबाच्या बदलीचा, सेवानिवृत्तीचा, दसऱ्याला यंत्राची पूजा केली तेव्हाचा ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर अधिकारी, मागे बाकावर चढून उभे फिटर, खलाशी, बॉयलरवाले. इथेही ते थांबून उभे आहेत, पण निदान चेहरा आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वाण्याच्या दुकानातली, माळ्यावरची, वाळवीने खाल्लेली दप्तरं गोळा केली आणि त्यांच्या नावाने धुळ्यात 1927 पासून संशोधन मंडळ उभं आहे. कुळकर्ण्याचा कागद हा इतिहासाचं साधन आहे हे त्यांनी आपल्याला शिकवलं. मग हा ग्रुप फोटो साधन का नाही? जुनी जिनं बंद पडली, यंत्रं भंगाराच्या भावात गेली. त्या लोखंडाचा मागमूस आता या फोटोंच्या पार्श्वभूमीलाच काय तो उरला आहे.

अशा फोटोखाली पुष्कळदा पुढच्या रांगेची नावं छापलेली असतात, मागच्या रांगांची क्वचितच. ती अजून मिळू शकतात. ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिनं 1990 च्या दशकात थांबली. तेव्हा जे पंचविशीत होते ते आज साठीच्या आसपास आहेत आणि त्यांच्या वरची पिढी ऐंशीला टेकली आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत, जळगावच्या जुन्या जिनांच्या आजूबाजूला ही मंडळी राहतात. फोटो समोर धरला तर मागच्या रांगेतला तिसरा कोण, त्याचं गाव कोणतं, तो कोणत्या यंत्रावर होता, हे ती बोट ठेवून सांगतील. पेन्सिलने फोटोच्या पाठीवर तेवढं लिहून घ्यायला एक दुपार लागते.