उंचावरची जागा

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक भेग आहे. उन्हाळ्यात ती रुंदावते, पावसाळ्यात जवळजवळ मिटते. सांगलीच्या काळ्या मातीवरच्या बऱ्याच जुन्या घरांना अशी एखादी भेग असते. माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आक्रसते आणि वरचं घर तिच्याबरोबर हलत राहतं. वडील दर दोन-तीन वर्षांनी ती सिमेंटनं बुजवायचे. त्यांच्यानंतर मी बुजवत आलो. यंदा बुजवली नाही. मार्चमध्ये आम्ही तिघा भावंडांनी विश्रामबागचा हा बंगला डेव्हलपमेंटला द्यायच्या करारावर सह्या केल्या. सहा गुंठ्यांवर आता चौदा फ्लॅट होतील. त्यातले सहा आमचे, प्रत्येकी दोन.

सह्या झाल्यापासून लोक सांत्वनाला यावेत तसे येताहेत. चहा होतो, अंगणातल्या कडुनिंबाकडे बघून सुस्कारा टाकला जातो आणि ठरलेलं वाक्य येतं, "विश्रामबाग आता पहिल्यासारखं राहिलं नाही." सुरुवातीला मीही मान डोलवायचो. मग एकदा मनात आलं, पहिल्यासारखं म्हणजे नेमकं कधीसारखं?

१९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघालं तेव्हा सांगली आणि मिरज ही दोन वेगळी संस्थानं होती आणि मधल्या पट्ट्यात बहुतेक शेतंच होती. १९४७ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज आलं. पुढे त्याला वालचंदांचं नाव मिळालं. मग प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, हळदीचे व्यापारी यांचे बंगले आले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि आमच्यासारख्या शहरांतही उंच इमारतींचा रस्ता मोकळा झाला. या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी म्हणालं असणार की गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही. माझं 'पहिल्यासारखं' १९७६ पासून सुरू होतं, कारण त्या वर्षी आम्ही इथं राहायला आलो. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या डॉक्टरांचं १९९१ पासून. प्रत्येकाची हळहळ त्याच्या वास्तुशांतीच्या तारखेपासून मोजली जाते. त्याआधीचं जे गेलं, त्याचा शोक आपण करत नाही, कारण ते आपल्यामुळे गेलेलं असतं.

आमच्या बाबतीत ते काय होतं, हे मला माहीत आहे. ज्वारीचं शेत होतं.

वडिलांनी हा प्लॉट १९७२ च्या दुष्काळात घेतला. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो मिळायचा, रस्त्याच्या आणि तलावांच्या कामांवर माणसं खडी फोडत होती. ज्यांचं शेत होतं त्यांची विहीर आटली होती आणि घरात मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्यांनी शेताचे प्लॉट पाडले. वडील कॉलेजात शिकवत. पगार मोठा नव्हता, पण दर महिन्याला येत होता. दुष्काळात एवढा फरक पुरतो. मालकांनी भाव सांगितला, वडिलांनी घासाघीस केली आणि भाव बराच खाली आला. व्यवहार कायदेशीर होता, दोघांच्या संमतीनं झाला. तरी वडील म्हातारपणी कधी कधी म्हणायचे, "त्यांनी सांगितला होता तेवढा मी देऊ शकलो असतो रे." आई म्हणायची, "झालं ते झालं. तुम्ही नसता घेतला तर दुसऱ्या कुणी घेतला असता." हे वाक्य खरं होतं. वडिलांचं समाधान मात्र त्यानं कधी झालं नाही.

ते शेतकरी आजोबा पुढे काही वर्षं संक्रांतीच्या सुमाराला हुरडा घेऊन यायचे. आत बसायचे नाहीत. कडुनिंबाखाली उभे राहायचे. झाड त्यांच्या वडिलांनी बांधावर लावलेलं होतं. पाणी प्यायचे, झाडाच्या बुंध्यावर हात फिरवायचे आणि जायचे. मी तेव्हा शाळेत होतो. मला वाटायचं, ते आमच्याकडे येतात. ते आमच्याकडे येत नव्हते, हे कळायला मला स्वतःच्या घरावर सही करावी लागली.

म्हणून 'आमचा बंगला गेला' असं म्हणताना माझी जीभ अडखळते. पण मग दुसरं टोक पकडावं का? 'सगळंच बदलत असतं, आपण तरी कशाला हळहळायचं' असं म्हणून मोकळं व्हावं? तेही मला जमत नाही. त्याचं कारण पूर आहे.

सांगलीत पुराचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. हा १९२९ चा पूल इथल्या माणसांच्या डोक्यात मोजपट्टीसारखा बसलाय. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. गावभाग, मारुती चौक, कर्नाळ रस्त्याकडच्या वस्त्या पाण्यात गेल्या. विश्रामबाग उंचावर असल्यानं आमच्याकडे पाणी आलं नाही. आमच्याकडे वीज गेली, दूध मिळेना, एवढंच.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी कर्नाळ रस्त्याकडे राहतात. त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, "सर, गेट उघडं हाय न्हवं? आमी येतोय." त्या आल्या तेव्हा बरोबर दहा माणसं होती, दोन गॅसच्या टाक्या, चादरीत गुंडाळलेला टीव्ही आणि एक शेळी. नऊ दिवस ती सगळी आमच्या हॉलमध्ये आणि व्हरांड्यात राहिली. पहिल्या दिवशी कुणी खुर्चीवर बसेना. तिसऱ्या दिवशी मावशींच्या दिरानं आमचा वर्षभर ठिबकणारा नळ दुरुस्त केला. पुढे अनेक महिने मी ही गोष्ट लोकांना सांगत होतो आणि सांगताना मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

जे सांगत नव्हतो, ते असं. सहाव्या दिवशी न्हाणीघरासमोर रांगेत उभं राहावं लागलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "अजून किती दिवस?" आवाज फार हळू नव्हता. सातव्या दिवशी मावशींनी विचारलं, "सर, आमी शाळेत जाऊ का? तितं बी सोय केलीया." मी म्हणालो, "छे, छे, राहा की." त्या राहिल्या. पण दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं तेव्हा त्यांचा फोन आला तो फक्त कामावर येणार नाही हे सांगायला. त्या शाळेत गेल्या होत्या. मी 'इकडे या' म्हणालो नाही. कोरोनाचं कारण होतं आणि ते सोयीचं होतं. घर तेच, हॉल तोच, गेट तेच. २०१९ ला उघडं होतं, २०२१ ला बंद.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात मालमत्तेच्या हक्काचं समर्थन करताना एक अट घातली होती. माणूस श्रमानं जमीन आपलीशी करू शकतो, पण इतरांसाठी पुरेशी आणि त्याच प्रतीची जमीन शिल्लक राहिली पाहिजे. सांगलीत ही अट पुरी होत नाही. उंचावरची जमीन मोजकीच आहे. आम्ही सहा गुंठे घेतले की ते सहा गुंठे दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत. त्याला नदीकडे सरकावं लागतं. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतल्या अकरा बंगल्यांपैकी चार कुलूपबंद होते, मुलं पुण्याला आणि परदेशात. कोरड्या जमिनीवरच्या बंद खोल्या आणि दोन-तीन मैलांवर गळ्याएवढ्या पाण्यातली घरं, दोन्ही एकाच महापालिकेत.

मग चौदा फ्लॅट होणं चांगलंच, असं म्हणता येईल. एका कुटुंबाच्या जागी चौदा कुटुंबं उंचावर येतील. आमच्या बिल्डरनंही हे म्हणून दाखवलं. युक्तिवाद चांगला आहे. फक्त येणारी कुटुंबं कोण, हे विचारलं की तो लंगडा पडतो. आतापर्यंत बुकिंगला आलेल्यांत एकही कर्नाळ रस्त्याकडचा नाही. एक पुण्याचे, गुंतवणूक म्हणून. एक बेळगावचे, निवृत्तीनंतरसाठी. म्हणजे काही खिडक्या पुन्हा बंदच राहणार, फक्त जास्त उंचीवर. आणि शेजारच्या नव्या इमारतीत लिफ्टपाशी पाटी आहे, 'घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा.' चार मजले. मावशी साठीच्या आहेत.

याच सुमाराला मला विनोबांच्या भूदानाची आठवण झाली. १९५१ नंतर ते गावोगाव चालत जमीन मागत फिरले. त्यांची मागायची रीत अशी होती की, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. ते मागणं मला दानापेक्षा वाटणीसारखं वाटतं. दान देणारा मोठा होतो. वाटणीत तसं काही होत नाही, उलट भांडणंच होतात. भूदानातल्या पुष्कळ जमिनी नापीक निघाल्या, पुष्कळ कागदावरच राहिल्या, हेही खरं. तरी प्रश्न उरतो. आम्ही तिघं भावंडं वाट्याला बसलो होतो. चौथं कुणी बसलंय का, हे कुणी पाहिलं नाही.

मी बिल्डरला विचारलं, पार्किंगवर पहिल्या मजल्याला एक मोठी खोली, न्हाणीघर आणि संडास काढता येईल का? पुराच्या वेळी उघडता येईल अशी. तो म्हणाला, "सर, जागा कुठून आणू?" माझ्या वाट्याच्या एका फ्लॅटमधली एक खोली कमी करून, असं ठरलं. धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "दादा, सरकारची कामं तू का अंगावर घेतोस? निवारा देणं महापालिकेचं काम आहे. आणि तू ती खोली दिलीस तरी उद्या सोसायटी तिला कुलूप लावेल, नाहीतर जिम करेल."

त्याच्या बोलण्यातलं दुसरं वाक्य मला पटतं. निवारा केंद्रं असलीच पाहिजेत, चांगली असली पाहिजेत, ती कुणाच्या मेहेरबानीवर असू नयेत. पण २०१९ ला मावशी आमच्याकडे आल्या त्या निवारा नव्हता म्हणून नव्हे. वीस वर्षं ज्या घराची फरशी पुसली, ते घर अडचणीत आपल्याला ओळखेल, असं त्यांना वाटलं म्हणून. ही ओळख महापालिका देऊ शकत नाही. आणि वीस वर्षांच्या नात्यात ती देणं माझ्यावर होतं.

तिसरं वाक्यही खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. करारात 'सामाईक हॉल' असं लिहून घेतलंय. वकील म्हणाले, त्याचा वापर काय करायचा ते पुढे सभासद बहुमतानं ठरवतील. मी खोली देऊ शकतो, उघडं दार देऊ शकत नाही. पण ते बंगल्यातही कुठं देता आलं होतं? दोन वर्षांत मीच ते बंद केलं, तेही ठराव न करता.

मागच्या आठवड्यात मावशींना हॉलबद्दल सांगितलं. त्यांनी पोछा पिळला आणि विचारलं, "लिफ्ट थांबती का तितं?" मी थांबते म्हणालो. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बगू की, पानी आल्यावर." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही आणि ते बरोबरच होतं.

कडुनिंब ठेवायचं ठरलंय. त्यासाठी उताराची जागा बदलावी लागली. त्या आजोबांचं कुणी अजून इथं असेल तर त्यांना कळवावं म्हणून चौकशी करतोय. इमारत व्हायला दोन-अडीच वर्षं लागतील. त्यानंतरच्या एखाद्या जुलै-ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की आधी मावशींना फोन करायचा, त्यांचा यायची वाट बघायची नाही. आणि मग हॉलच्या किल्लीसाठी तेरा दारं वाजवायची.