कुंपणाखालून

बेळ्ळंदूरमध्ये समोरच्या इमारतीची बाल्कनी थेट आपल्या जेवणाच्या टेबलावर डोकावते, म्हणून लोक आडोशाला बांबू लावतात. माझ्या भाड्याच्या घरामागे आठ फूट रुंद मातीची पट्टी आहे. रोपवाटिकेत मला सुचवला गेला तो पिवळसर काठ्यांचा, 'थंडी सोसणारा, झपाट्याने पसरणारा' फायलोस्टॅकिस, मूळचा चीनचा. थंडीची हमी इथे कशाला, कळत नाही. बंगळुरूचे नीचांकी तापमान ७.८ अंश, तेही १८८४ सालचे. अडचण 'पसरणारा' या शब्दाची आहे.

आपला माणगा किंवा कळक बेट करून राहतो. त्याचे जमिनीखालचे खोड आखूड, नवा कोंब जुन्याला चिकटून येतो. फायलोस्टॅकिसचे खोड मात्र वरच्या फूट-दीड फूट मातीतून आडवे धावते आणि पेरापेराला कोंब काढू शकते. तो दिसतो तेव्हा शेजाऱ्याकडे पोचलेलाही असतो. बांध कोरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात निदान नांगर दिसतो. इथे कोरणारा घरात झोपलेला असतो.

१८६८ मध्ये इंग्लंडात रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याचा निकाल लागला. गिरणीमालकाच्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते. निसटल्यास अपाय करील असे काही जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ते स्वतःच्या जोखमीवर सांभाळावे, असे तत्त्व त्यातून आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिल्लीच्या ओलियम वायुगळती प्रकरणात धोकादायक उद्योगांसाठी ते आणखी कडक केले. बांबूला ते लागू पडेल का, हे वकील जाणोत. त्यामागचा विचार मला पटतो.

यावर उत्तर असते, 'मी लक्ष ठेवीन.' जाड प्लास्टिकची पट्टी दोन-अडीच फूट खोल पुरायची, काठ दोन इंच वर ठेवायचा, दरवर्षी तिथून उडी मारणारी खोडे छाटायची. उपाय खरा आहे, पण छाटणारा जागेवर हवा. इथले भाडेकरार ११ महिन्यांचे. वचन देणारा उद्या पुण्याला परतेल, बांबू राहील. पुढच्या भाडेकरूने तो मागितलेला नाही, शेजाऱ्यानेही नाही. मग माझ्या दक्षतेचे तारण किती दिवस पुरणार?

त्याला 'परका' म्हणून नाकारणारेही भेटतात. ते मला मान्य नाही. मिरची, बटाटा बाहेरचेच, आणि कानडी मुलखात मराठी बोलत राहणारा मीही. प्रश्न कुठून आला हा नाही, परत घेता येईल का हा आहे. जलपर्णीदेखील शोभेची म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून आली; आमच्या तळ्यावर तिचा थर पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको. (२०१५ मध्ये याच तळ्यावरच्या फेसाने पेट घेतला, ते पाप मात्र तिचे नव्हे, आपल्या सांडपाण्याचे.)

शेवटी पलीकडच्या अज्जींना विचारले. माझ्या आडोशाशी त्यांना देणेघेणे नव्हते. भिंतीला लागून त्यांचा कढीपत्ता आहे आणि बोअरवेलचा पाइप. मी माणगा लावला, भिंतीपासून चार फुटांवर. बाल्कनी झाकायला त्याला तीनेक वर्षे तरी लागतील, तोवर पडदा आहे.